पोटखराब्यातील विंचू आणि विकासाचा हिशेब

महसूल खात्याच्या दप्तरात ‘पोटखराबा’ असा एक शब्द आहे. ज्या जमिनीतून पीक निघत नाही, तिची नोंद या शब्दाखाली होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे, कड्यांच्या कपारी, दगडधोंड्यांनी भरलेले उतार यांतील फार मोठा भाग दप्तराच्या दृष्टीने असा निरुपयोगीच आहे. धान्य नाही, म्हणून सारा नाही. सारा नाही, म्हणून किंमत नाही, असे हे सरळ गणित. या गणितात कोणतीही लबाडी नाही; परंतु त्यात एक मोठे अज्ञान दडलेले आहे. या ‘खराब’ जमिनीवर काय राहते, याची मोजणी पुरी होण्यापूर्वीच तिची किंमत शून्य ठरविण्यात आली, हे ते अज्ञान होय.

या अज्ञानाचे आवरण अधूनमधून किंचित बाजूला सरते. २०१९ मध्ये पश्चिम घाटातील एका विंचवाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावात ‘विंचू’ हा मराठी शब्दच लॅटिन धाटणीत जाऊन बसला : हॉटेंटोटा विंचू. २०२० मध्ये आयसोमेट्रस या वंशातील दोन नव्या जातींना आंबोली व ताम्हिणी या घाटांची नावे मिळाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आशियातील मोठ्या वनविंचवांची सर्वंकष फेरतपासणी प्रसिद्ध केली. तीत भारतीय जातींसाठी जे नवे वंश स्थापन झाले, त्यांतील दोहोंची नावे ‘सह्याद्रिमेट्रस’ आणि ‘डेक्कनोमेट्रस’ अशी आहेत. सह्याद्री आणि दख्खन हे शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे कोरले गेले. वृत्तपत्रांतून अशा घटनांना एखादा रकाना मिळतो, वाचकाला क्षणभर कौतुक वाटते, आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये. विंचवाला नाव मिळणे ही केवळ प्राणिशास्त्राच्या कोपऱ्यातील घटना नव्हे. समाज आपल्या संपत्तीचा हिशेब कसा ठेवतो, या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

नामकरणामागील कष्ट

‘नवी जात सापडली’ या शब्दप्रयोगाने एक गैरसमज पसरतो. वाटेत नाणे सापडावे तशी जात सापडत नाही. विंचू दिवसा दगडाखाली, झाडाच्या सालीआड किंवा बिळात दडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याच्या कवचावर अतिनील किरण पडले, की ते निळसर हिरव्या रंगात चमकते. या गुणामुळे अतिनील दिव्याच्या साहाय्याने रात्री त्याचा शोध घेणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. परंतु विंचू हाती लागला म्हणजे काम आरंभ झाले, एवढेच. तो मद्यार्कात जतन करावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शरीरावरील खुणांची मोजदाद सुरू होते. पोटाखाली फणीसारखे जे अवयव असतात त्यांचे दाते किती, नांगीवजा पकडीची लांबी-रुंदी किती, शेपटीच्या पाचही खंडांवरील कंगोरे कसे, पकडीवरील संवेदनशील केसांची संख्या आणि मांडणी कोणती, या साऱ्यांची नोंद होते. या केसांच्या मांडणीवर आधारलेली पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ माक्स व्हाशों यांनी १९७४ मध्ये व्यवस्थित मांडली आणि आजही विंचवांच्या अभ्यासात तिचा आधार घेतला जातो. अलीकडे त्यात जनुकीय तुलनेची भर पडली आहे. कारण डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती रक्ताने फार दूरच्या असू शकतात.

एवढे करूनही काम पुरे होत नाही. हा विंचू नवा आहे असे म्हणावयाचे, तर तो जुन्यांपैकी कोणताही नाही हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी पूर्वी वर्णिलेल्या जातींचे मूळ नमुने तपासणे आवश्यक ठरते. ज्या नमुन्यावरून नाव दिले गेले तो नमुना म्हणजे त्या नावाचा जणू खरेदीखताचा दस्तऐवजच होय. आणि येथे इतिहास आडवा येतो. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मानला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत घातक अशा लाल विंचवाला नाव दिले ते फॅब्रिशियस या युरोपीय पंडिताने, १७९८ मध्ये. भारतीय विंचवांचा पहिला मोठा पद्धतशीर आढावा घेतला तो आर. आय. पोकॉक यांनी, १९०० मध्ये. साहजिकच अनेक मूळ नमुने युरोपातील संग्रहालयांत जाऊन पडले. सह्याद्रीतील दगडाखालचा प्राणी ओळखण्यासाठी लंडनच्या कपाटातील बाटली पाहावी लागावी, ही परिस्थिती कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर येथील समाजाने तोपर्यंत त्या कामाला हात न घातल्यामुळे उद्भवली.

स्वतंत्र भारतात ही उणीव भरून काढण्याचे काम बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तवडे या दोघांनी केले. भारतीय विंचवांवरील त्यांचा ग्रंथ १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पोकॉक ते १९८३ हे अंतर ८३ वर्षांचे आहे. आज भारतात विंचवांच्या शंभराहून अधिक आणि जगात अडीच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि ही संख्या दरवर्षी वाढते आहे. याचा अर्थ निसर्ग नव्या जाती निर्माण करण्याची घाई करीत आहे असा नसून, माणसाची मोजणी फार मागे राहिली होती, एवढाच आहे.

विंचू आणि माणूस

येथे सामान्य वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. शाळांना छप्पर नाही, दवाखान्यांत औषध नाही, पदवीधरांना नोकरी नाही. अशा राज्याने विंचवांच्या केसांची मोजदाद करण्यावर पैसा का खर्चावा? मराठी माणसाला विंचू ठाऊक आहे तो वेदनेच्या रूपाने. एकनाथांनी भारुडात मनोविकारांचे रूप म्हणून त्यालाच निवडले, ते काही उगीच नव्हे. अशा प्राण्याविषयी ममता वाटावी, अशी अपेक्षा करणेच चूक ठरेल. परंतु शंकेचे उत्तर ममतेत नाही. ते कोकणच्या अनुभवात आहे.

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. दंश झालेल्यांपैकी गंभीर अवस्थेत दवाखान्यात आलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एके काळी तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात होते. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून हृदयावर आणि फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांच्या काटेकोर नोंदी केल्या. ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने त्या १९८२ मध्ये छापल्या. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर गुणकारी असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या यशाचे श्रेय वैद्यकाचे आहे, वर्गीकरणशास्त्राचे नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तथापि या दोहोंमधील दुवा दृष्टीआड करता येत नाही. वैद्याने जगाला सांगितले ते ‘अमुक जातीचा विंचू चावल्यास असे घडते’ हे. ‘एक लाल प्राणी चावला’ असे सांगून शास्त्र पुढे सरकत नाही. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचे विष माणसाला तुलनेने सौम्य. लहानसा लाल विंचू मात्र प्राणघातक. हा भेद सांगणारी भाषा म्हणजेच वर्गीकरण. प्रतिविष तयार होते ते ठरावीक जातीच्या विषापासून. ज्याला आज एकाच नावाने ओळखले जाते, त्यात उद्या दोन-तीन निरनिराळ्या जाती निघाल्या, तर प्रत्येकीच्या विषावर तेच प्रतिविष सारखेच लागू पडेल काय, हा प्रश्न विचारावाच लागेल. तो विचारण्यासाठी प्रथम त्या जाती वेगळ्या ओळखणारा माणूस हवा.

याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाचे एक द्रव्य परदेशी प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले. पेशींच्या आवरणातील पोटॅशियमच्या एका विशिष्ट मार्गाला ते अडवते आणि त्यामुळे स्नायू व चेतापेशींच्या अभ्यासात ते जगभर वापरले जाते. ज्या प्राण्याला येथे चप्पल हाणण्यापलीकडे दुसरा न्याय नव्हता, त्याच्या नांगीत ज्ञानाचे एक हत्यार दडलेले होते. मात्र यावरून प्रत्येक विंचवाच्या पोटी औषध आहे, असा निष्कर्ष काढणे भोळेपणाचे होईल. बहुसंख्य जातींचा माणसाला असा कोणताही उपयोग कदाचित कधीच होणार नाही. प्रश्न असा आहे, की कोणत्या जातीचा होईल हे आधी सांगता येत नाही.

अज्ञात म्हणजे शून्य?

आणि नेमका येथेच हा विषय प्राणिशास्त्राच्या हद्दीतून अर्थशास्त्राच्या हद्दीत शिरतो. १९६७ मध्ये जॉन क्रुटिला या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने आणि १९७४ मध्ये केनेथ ॲरो व अँथनी फिशर या दोघांनी एक साधी, पण दूरगामी गोष्ट दाखवून दिली. जो निर्णय पुन्हा फिरविता येत नाही, त्याचा हिशेब फिरविता येणाऱ्या निर्णयाप्रमाणे करून चालत नाही. आज खाण न काढल्यास दगड कोठे जात नाही. तो उद्याही काढता येईल. परंतु खाणीसाठी सडा खरवडला आणि त्यावरच राहणारी एखादी जात नष्ट झाली, तर उद्या कितीही पैसा ओतून ती परत आणता येणार नाही. म्हणून माहिती अपुरी असताना थांबण्याला स्वतःचे असे मूल्य असते. आपल्याकडील प्रकल्पांच्या लाभ-हानीच्या तक्त्यांत या मूल्याला स्तंभच नाही. जे अज्ञात आहे ते शून्य, असे गृहीत धरूनच बेरीज केली जाते.

विंचवांच्या बाबतीत हे गृहीत विशेष घातक ठरते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण फिरस्त्या माणसाला उद्देशून वापरली जाते आणि मादी पहिली कात टाकीपर्यंत पिलांना पाठीवर वागवते हे खरेही आहे. पण विंचू स्वतः मुळीच फिरस्ता नाही. त्याला पंख नाहीत, तो फार दूर जात नाही, पुष्कळ जातींना वयात येण्यास वर्षे लागतात. म्हणूनच एखादा डोंगर, एखादी दरी, एखादे पठार एवढ्यापुरतीच एखादी जात मर्यादित राहिलेली असू शकते. पक्षी उडून दुसऱ्या रानात जाईल. विंचवाचे रान गेले म्हणजे विंचू गेला.

पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना अस्तित्वात आहे, हे खरे. परंतु अशा अहवालांतील जीवसृष्टीच्या याद्या पाहिल्या, तर त्यांत वृक्ष, पक्षी, सस्तन प्राणी आढळतात. दगडाखालच्या जगाला बहुधा स्थान नसते. पुष्कळदा एखाद्याच ऋतूत घाईने केलेल्या पाहणीवर त्या आधारलेल्या असतात. ज्याला नाव नाही त्याला यादीत जागा नाही; यादीत जागा नाही म्हणून आक्षेप नाही; आक्षेप नाही म्हणून परवानगी. पोटखराब्याचेच हे गणित, फक्त नव्या दप्तरात मांडलेले.

याउलट, नाव मिळाल्याने काय घडू शकते याचे उदाहरण याच राज्यात आहे. आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाच्या मंदिरालगतच्या कुंडात राहणाऱ्या एका लहानशा माशाचे २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने वर्णन झाले. लगेच पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने त्या परिसराला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मासा शतकानुशतके तेथेच होता. भाविकांनी त्याला पाहिलेही असेल. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याचे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला कागदावर जन्म घ्यावा लागला. कायद्याला डोळे नसतात. तो नावे वाचतो.

अर्थात सर्वच बाबतींत इतकी तत्परता दिसत नाही. पश्चिम घाटासंबंधी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. दरम्यान २०१२ मध्ये घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही महाराष्ट्रातील चार आहेत. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविणारा मसुदा मात्र २०१४ पासून पुनःपुन्हा काढावा लागला. २०२४ मध्ये तो सहाव्यांदा काढण्यात आला. गावकऱ्यांच्या उपजीविकेचे प्रश्न खरे आहेत आणि ते बाजूस सारून कोणतेही संरक्षण टिकणार नाही. परंतु दहा वर्षांचा हा विलंब केवळ त्या प्रश्नांच्या काळजीपोटी झाला, असे मानणे कठीण आहे.

नावाचे धोके

नामकरणाचा महिमा गाताना त्याच्या मर्यादाही नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली गोष्ट, नवी जात हे शास्त्रीय मत असते, अंतिम निकाल नव्हे. पुढील अभ्यासात दोन जातींची एक होते किंवा एकीच्या तीन होतात. लाल विंचवाचेच शास्त्रीय नाव आजवर अनेकदा बदलले आहे आणि वैद्यकातील जुने लेख वाचणाऱ्याला ‘ब्यूथस’, ‘मेसोब्यूथस’ आणि ‘हॉटेंटोटा’ ही एकाच प्राण्याची नावे आहेत हे लक्षात ठेवावे लागते. दुसरी गोष्ट, संख्येच्या हव्यासापोटी तुटपुंज्या आधारावर नावे देण्याचा मोह शास्त्रातही असतो. प्रसिद्धीच्या झोतात हा मोह वाढतो. तिसरी आणि अधिक गंभीर गोष्ट म्हणजे व्यापार. मोठे वनविंचू परदेशांत हौसेखातर पाळले जातात. आफ्रिकेतील सम्राट विंचवाला या व्यापारापायी १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत घ्यावे लागले. नव्या जातीचे नेमके ठिकाण जाहीर करणे म्हणजे कधीकधी चोराला पत्ता देणे ठरते. म्हणून नाव हे संरक्षण नव्हे. ते संरक्षणाची पहिली पायरी आहे आणि तिच्यावर दुसरी पायरी बांधली नाही, तर पहिलीही घसरणीची होते.

करावयाचे काय?

ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना मिळतो आणि ज्यापासून कुणाला वगळता येत नाही, ते बाजारपेठ पुरेसे निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. जातीचे वर्णन ही अशीच सार्वजनिक वस्तू आहे. ते विकता येत नाही. म्हणून त्याचा भार समाजाने उचलावा लागतो. प्रत्यक्षात घडते आहे ते उलट. विद्यापीठांतून वर्गीकरणाचे शिक्षण आक्रसत गेले आहे. प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या आणि त्यांचे उल्लेख मोजले जातात. ज्या शाखेचे निबंध जगात मोजकेच लोक वाचतात, पण पन्नास वर्षांनीही वाचतात, त्या शाखेचा या मोजपट्टीत निभाव लागत नाही. परिणामी हे काम पुष्कळ अंशी स्वतःच्या ओढीने रात्रीअपरात्री डोंगर पालथे घालणाऱ्या तरुणांच्या खांद्यावर येऊन पडले आहे. त्यांचे कौतुक जरूर व्हावे; परंतु हौसेवर चालणारे काम हौस संपली की थांबते.

उपाय खर्चिक नाहीत. राज्यातील विद्यापीठांत वर्गीकरणशास्त्राची मोजकी, पण कायम पदे असावीत. बढतीच्या निकषांत जातींच्या सखोल वर्णनाला स्वतंत्र वजन मिळावे. नव्या जातीचे नमुने अधिकृत संग्रहात जमा करण्याची तरतूद २००२ च्या कायद्यातच आहे. त्या संग्रहांना कर्मचारी आणि देखभालीचा नियमित निधी मिळाला, तरच तिला अर्थ राहील. अभयारण्यांत अभ्यासाची परवानगी ठरावीक मुदतीत द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी. अर्ज पडून राहणे हा निर्णय नव्हे. प्रकल्पांच्या मूल्यमापनात अपृष्ठवंशीय प्राण्यांची पाहणी सक्तीची करावी आणि तीही पावसाळ्यासह सर्व ऋतूंत. आणि गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या केवळ तपासणीपुरत्या न भरता, गुराख्याला आणि लाकूडतोड्याला ठाऊक असलेल्या प्राण्यांची स्थानिक नावे त्यांत यावीत. शास्त्रज्ञाच्या शोधाचा आरंभ पुष्कळदा तेथूनच होतो.

यांपैकी कोणत्याही गोष्टीने शाळेचे छप्पर अडणार नाही. घाटरस्त्याच्या एका वळणाला जो खर्च येतो, त्याच्या लहानशा अंशात एखादा संग्रह वर्षानुवर्षे चालू शकेल. प्रश्न पैशाचा नाही, दप्तराचा आहे. ज्या राज्याने जमिनीचा गुंठा न् गुंठा मोजला, त्याला त्या जमिनीवर राहणाऱ्यांची मोजणी अशक्य नाही. मात्र ही मोजणी बुलडोझर येण्यापूर्वी व्हावी लागते. नंतर केलेल्या मोजणीला शास्त्रात नोंद मिळते. पण ती मृत्यूच्या दाखल्याची नोंद असते.